माल किती, बारदाना किती

गल्लीत कोणाच्याही घरी पार्सल आलं की उघडायच्या वेळी आबाजी हजर. आत काय आलं याचं त्यांना कौतुक नसतं. वस्तू बाहेर निघाली की ती एका तळहातावर, खोकं आणि त्यातलं फुगेवालं प्लास्टिक दुसऱ्या तळहातावर, डोळे मिटलेले, दोन्ही हात जरासे खालीवर; आणि मग निकाल. "माल चाळीस ग्राम. बारदाना दीडशे. पोरी, तू खोकं मागवलं, त्याच्यात घड्याळाचा पट्टा फुकट आला."

पट्टा मागवणारी पोरगी ही त्यांची स्वतःची सून असली तरी निकाल बदलत नाही.

आबाजी उभी हयात धान्याच्या मार्केटात मापारी होते. हर्रास झाला, भाव ठरला, की पुढचं सगळं मापाऱ्याच्या जिभेवर. हमाल पोतं काट्यावर टाकतो, शेतकरी काट्याकडे बघतो, अडत्या आकाशाकडे बघतो, आणि मापारी जो आकडा पुकारेल तो आकडा. मग त्यातून बारदान्याचं, म्हणजे पोत्याचं, वजन वजा होतं. पन्नास किलोच्या तागाच्या पोत्याचं स्वतःचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, शेकड्याला एक-सव्वा. आबाजींच्या लेखी जगातला न्याय तो एवढाच : शंभराच्या मालाला सव्वाचा बारदाना. त्यावर जे चढतं तो कोणीतरी कोणाला तरी लावलेला कडता. माल ओला आहे, मातेरं आहे, पोतं जड आहे, अशी काहीतरी सबब काढून वजनातून कापून घ्यायचं, तो कडता. आबाजींनी अडत्याच्या इशाऱ्यावर तो आयुष्यभर इमानेइतबारे कापला आणि शेतकऱ्यांच्या शिव्याही तितक्याच इमानानं खाल्ल्या. आता म्हातारपणी कंपन्या आपल्याला कडता लावतात म्हणून त्यांचा जो संताप होतो, त्यात नीतीपेक्षा धंद्यातली असूया जास्त असावी असा माझा संशय आहे.

असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. रिसोडला तो निवृत्त मास्तर असतो, मंगरूळपीरला एसटीचा कंडक्टर, कारंज्यात कापडाच्या दुकानात गादीवर बसून म्हातारा झालेला दिवाणजी. खूण एकच : त्याच्या घरातून काही बाहेर जात नाही. आमच्या आबाजींच्या घरात आइस्क्रीमचा डबा उघडला तर आत जवसाची चटणी निघते. पाहुण्यांच्या पोरांनी यापूर्वी अनेकदा चमचा भरून तोंडात घातला आहे आणि मग सगळं घर पाण्यासाठी धावलं आहे. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत पाणी, तेलाच्या पिप्यात तुरीची डाळ, औषधाच्या बाटलीत शिलाई मशीनचं तेल, आणि शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटलीत काय आहे ते आजींनाही माहीत नाही. मिठाईच्या खोक्यांचे रबर दाराच्या कडीला. सुतळीचा गोळा एवढा झाला आहे की तो खाली बसायला मोड्यासारखा वापरतात. काहीही फेकायला काढा, आबाजींचं एकच म्हणणं : "असू दे ना माय. कामी पडते."

आणि पडतंही, हीच तर पंचाईत. गल्लीत कोणाला वायसर हवा, पिशवी हवी, खोकं हवं, तर रात्री अकरालाही आबाजींचंच दार. समृद्धी महामार्ग शेलुबाजारवरून जायला लागल्यापासून वाशीमला पार्सल लवकर येतं आणि आबाजींकडे खोक्यांची आवक सोयाबीनच्या हंगामासारखी वाढली आहे. आवक वाढली की भाव पडतो हे त्यांना चांगलं कळतं, म्हणून ते खोकी सहजासहजी देत नाहीत. मागणाऱ्याला दोनदा चकरा मारायला लावतात.

त्या खोक्यांनी एक लग्न मात्र जवळपास मोडलं. भाच्याच्या पोरीच्या लग्नात आबाजींनी आहेर दिला तो मिक्सरच्या खोक्यात. आहेर चांगला होता, स्टीलचा पाच शेरी डबा, पण खोक्यावर तीन भांड्यांसकट मिक्सरचं रंगीत चित्र. मुलीच्या सासूनं मांडवातच चार बायांना सांगितलं, मामाकडून मिक्सर आला. आठ दिवसांनी खोकं उघडलं. मग फोनवर फोन. आबाजींना शेवटपर्यंत कळलं नाही की लोक कशावर रागावले. "डबा मिक्सरपेक्षा जड आहे," ते सांगत होते, "वजन करून पाहा."

आजींची बाजू कोणी ऐकत नाही, म्हणून इथे नोंदवतो. आजींचा मार्ग भक्तीचा आहे. दर दोन-चार महिन्यांनी त्या आबाजींना कारंज्याला दर्शनाला पाठवतात. नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान, सकाळच्या एसटीनं जा, प्रसाद घेऊन संध्याकाळी या. एसटीनं स्टँड सोडलं की इकडे भंगारवाल्या चाचाची गाडी दारात. एकदा आबाजी परतताना पाटणी चौकात चहा प्यायला थांबले, तर चहावाल्यानं कपबश्या विसळायला घेतलेली बादली ओळखीची वाटली. कडीच्या जागी त्यांनीच बांधलेली निळी वायर. वीस रुपये देऊन बादली परत आणली. दारात आजींना फक्त एवढंच म्हणाले, "दत्तानं दाखवली."

सरकार आणि आबाजी यांचे संबंध हा स्वतंत्र विषय आहे.

23 मार्च 2018ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. घरातला साठा संपवायला तीन महिने, नंतर पहिल्या खेपेला पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने आत. त्या वेळी आबाजींच्या गादीखाली त्रिकोणी घड्या घातलेल्या कॅरीबॅगांचा असा थर होता की ते खरं म्हणजे कॅरीबॅगांवरच झोपत होते, गादी नावापुरती. पेपर वाचून त्यांनी हिशेब केला, पाच हजार हे थैलीमागे की घरामागे? हे कोणी सांगेना. रात्री सायकलची घंटी वाजली तरी उठून बसायचे. शेवटी त्यांनी सगळा माल पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीखाली हलवला. धाड पडलीच तर पाहुणा सापडावा, अशी योजना होती. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाला ते रात्री मुक्कामाचा आग्रह करत.

पुढच्याच वर्षी, 2019ला, पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की दुधाची पिशवी परत केली की ग्राहकाला 50 पैसे मिळतील. आबाजींना सरकार पहिल्यांदाच आपल्या विचाराचं वाटलं. त्या दिवसापासून दुधाची प्रत्येक पिशवी कोपऱ्यात बारीक चीर देऊन, तांदळाच्या धुवणात विसळून, बनियनशेजारी तारेवर चिमट्यानं. वाळली की शंभराची गड्डी. नवीन माणूस दारावरून गेला की विचारायचा, इथे दवाखाना आहे काय? पन्नास पैसे काही आले नाहीत. चाचा वजनावर घ्यायला तयार होता, दुधाच्या पिशवीला भंगारात भाव असतोच, पण आबाजी देईनात. "थे अनामत होय. सरकारकडे बाकी आहे." बाकीची नोंद डायरीत आहे, आणि ती वारसांना मिळेल.

तारखांचं त्यांना विशेष प्रेम. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला 1 जुलै 1998ला, आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली 1 जुलै 2022ला. "एक जुलैले सरकार काही ना काही वेगळं करतेच," ते म्हणतात. ती बंदीची यादी त्यांनी पेपरातून कापून भिंतीवर चिकटवली आहे. कान कोरायची प्लास्टिकची काडी, फुग्याची काडी, सरबताची नळी, चमचे, थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची पातळ पन्नी. यादी वाचताना ते दरवेळी तळाशी जाऊन थांबतात. "याच्यात चिप्सचं पाकीट कुठी आहे? शाम्पूची पुडी कुठी आहे? काड्या धरल्या आणि गंजी सोडली!"

चिप्सच्या पाकिटाशी त्यांचं खरं वैर. नातू दुसरीत, रोज एक पाकीट. पहिल्यांदा आबाजींनी पाकीट फोडू दिलं नाही, आधी काट्यावर ठेवलं. मार्केटातून निवृत्त झाल्यावरही घरात तीन काटे आहेत : पितळी तराजू, हूक असलेला ताणकाटा, आणि मुलानं वाढदिवसाला दिलेला इलेक्ट्रॉनिक, ज्यावर ते विश्वास ठेवत नाहीत पण जो ते सगळ्यात जास्त वापरतात. पाकीट दाबून पाहिलं, टम्म. "याच्यात हवाच आहे. हवेचा भाव काय लावला?" नातवानं सांगितलं, ती हवा नाही, नायट्रोजन आहे, चिप्स खवट होत नाहीत, मोडत नाहीत. आबाजींनी पाकीट फोडलं, चिप्स वाटीत काढल्या, वाटीचं वजन वजा केलं. पाकिटावर छापलेलं निव्वळ वजन अगदी बरोबर भरलं. एक ग्राम कमी नाही. आबाजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सगळं वजन बरोबर असूनही आपण फसलो, ही त्यांच्या धंद्याला न झेपणारी गोष्ट होती.

रिकामं पाकीट त्यांनी धुतलं, वाळवलं, आणि तागाच्या एका पोत्यात टाकलं. पोतं जुनं, मार्केटच्या दिवसातलं, दाभणानं नीट शिवलेलं. त्यात मग रोजचं पाकीट, बिस्किटाचा कागद, शाम्पूच्या पुड्या, गुटखा खाणाऱ्या शेजाऱ्याच्या पुड्या (शेजाऱ्याला न विचारता, नालीच्या काठावरून वेचून), सुनेच्या पार्सलाच्या पिशव्या. एक ना एक दिवस याला भाव येईल. तांब्याला आला, लोखंडाला आला, रद्दीला आला. पन्नीला कायले नाही येणार?

आता इथे आबाजींना एक कायद्याचा आधारही सापडला, आणि तो मी दिला, म्हणून थोडा दोष माझ्याकडे. बोलता बोलता मी म्हणालो, प्लास्टिक कचऱ्याचे 2016चे नियम आहेत. ज्या कंपनीनं वेष्टन बाजारात आणलं तिनंच ते परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची. आबाजी ताठ बसले. "म्हनजे बारदाना परत! हे तर आपल्या मार्केटातलंच होय." दुसऱ्या दिवशी पोतं सायकलच्या कॅरेजला बांधून ते किराणा दुकानात. दुकानदार म्हणाला, मी फक्त विकतो, सेल्समनला विचारा. सेल्समन मंगळवारी येतो. मंगळवारी तो म्हणाला, माल अकोल्याच्या डीलरकडून येतो. डीलरला फोन लावला, तर त्यानं आधी विचारलं, किती पेट्या पाठवू? पोतं परत छतावर.

मग मी त्यांना पुढचंही सांगितलं. 2022पासून याची एक ऑनलाइन व्यवस्था आहे. रिसायकल करणारा कारखाना कुठेतरी प्लास्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया करतो, त्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि कंपनी ते विकत घेऊन आपला हिशेब पूर्ण दाखवते. तुमचंच पाकीट तुमच्याकडून न्यायला पाहिजे असं काही नाही. आबाजींना हे समजावून सांगावं लागलं नाही. "हाव, समजलं. माल दुसऱ्याचा तोलला अन् चिठ्ठी यानं दाखवली." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच कौतुक होतं. चिठ्ठीचा धंदा त्यांनी जवळून पाहिलेला आहे.

घंटागाडीशी त्यांचं वेगळंच प्रकरण. ओला वेगळा, सुका वेगळा, हे 2016पासून नियमात आहे, आणि आबाजींच्या घरी तो सोयाबीनच्या कसोटीवर वेगळा होतो. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा हा माणूस. कचऱ्यात ते दात वापरत नाहीत एवढंच. सुक्याच्या डब्यात चहापत्तीचा गाळ सापडला की सुनेला हाक : "मॉश्चर जास्त आहे याच्यात. माल वापस." 2024च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीला केंद्रानं ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली, तेव्हा आबाजींनीही घरात तेवढीच सूट जाहीर केली. हंगाम संपताच पुन्हा बारा. बाकी त्यांच्या घरून गाडीत काही पडतच नाही. ओलं सगळं परसातल्या पपईच्या बुडाशी, सुकं छतावर. गाडीवरचा पोऱ्या रोज भोंगा वाजवून थांबतो, आबाजी रोज फाटकाशी येऊन गंभीरपणे सांगतात, "आज निरंक."

लोक हसतात हे त्यांना कळतं. एकदा आमच्यातल्याच एकानं टोमणा मारला, आबाजी, घर आहे की उकिरडा? आबाजी चिडले नाहीत. म्हणाले, "गाडगेबाबांनं फुटकं मडकं फेकलं काय रे? त्याच्यातच जेवला, त्याच्यातच पानी पेला, ऊन लागलं तर थेच डोक्यावर घातलं. चिंध्यायचा सदरा घालून फिरला. तुम्ही लोकायनं त्याचा खराटा तेवढा उचलला, फोटो काढायले. मडकं कोनं उचललं?" टोमणा मारणारा गप्प झाला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा तो माणूस आमच्या भागात अजून हुकमाचा एक्का आहे, आणि आबाजींना तो कधी टाकायचा ते बरोबर कळतं.

पोत्याचा निकाल परवा दिवाळीच्या आवराआवरीत लागला. सुनेनं निर्वाणीचं सांगितलं, छतावर उंदीर झाले आहेत, एक तर पोतं जाईल नाही तर मी माहेरी जाईन. आबाजींनी दोन्हींचा विचार केला, थोडा जास्तच वेळ केला, आणि चाचाला बोलावलं. भोंग्याची गाडी दारात लागली. आधी बाकीचा सौदा झाला. पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी. रद्दीला भाव जास्त म्हणून चाचा रद्दीच्या गठ्ठ्यात हात घालून मध्ये पुठ्ठा दडवला नाही ना ते बघत होता, आणि आबाजी चाचाच्या काट्याखाली पाय येत नाही ना ते बघत होते. दोघांनी आपापल्या काट्यावर वजन केलं. पाव किलोचा फरक आला. अर्धा तास भांडण, मग दोघांनी मध्ये आधपाव ठेवून चहा घेतला. बाटल्या गेल्या, तेलाचा गंजका पिपा गेला, दुधाच्या पिशव्या मात्र "अनामत" म्हणून राहिल्या.

मग पोतं आलं. नातू आणि मी मिळून जिन्यावरून उतरवलं. चाचानं तोंड सोडलं, आत हात घातला, चमकणारं एक पाकीट बाहेर काढून उन्हात धरलं.

"आबाजी, ये नै चलता."

"काऊन? प्लास्टिक आहे ना? सारं धुतलं आहे."

"प्लास्टिक के ऊपर प्लास्टिक, बीच में चांदी. ये अलग नै होता. इसकू कोई लेताइच नै." चाचानं जे सांगितलं ते बहुतांशी खरं आहे. प्लास्टिकचे थर आणि अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा असा एकमेकांना चिकटवलेला असतो की पुन्हा सुटा करणं परवडत नाही. सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत जाळणं, नाही तर डांबरात मिसळणं, असंच काहीतरी त्याचं होऊ शकतं. मदुराईच्या एका प्राध्यापकांनी, राजगोपालन वासुदेवन यांनी, असल्या प्लास्टिकचे रस्ते करून दाखवले आणि 2018ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे मी आबाजींना सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी हातानं थांबवलं. सौदा चालू असताना मध्ये बोलणाऱ्याला मार्केटात उभं करत नाहीत.

"बरं, फुकट नेतो काय?"

"नै."

"मीच दहा रुपये देतो. ने."

हे वाक्य आबाजींच्या तोंडून निघालं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चाचा मात्र पाकिटाकडे बघतच नव्हता. तो वाकून पोतं चाचपत होता. तागाचा धागा बोटात घेऊन पाहिला, शिवण ओढून पाहिली, खालची बाजू उलटवून पाहिली.

"बोरा कितने का?"

"काय?"

"बोरा अच्छा है. पुराना माल है, अब ऐसा आता नै. अंदर का तुम रख लो, बोरा दे दो. दस रुपये."

आबाजी बराच वेळ चाचाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत बारदान्याला भाव आणि मालाला नकार, असा हर्रास त्यांनी पाहिला नव्हता. पण समोर गिऱ्हाईक होतं, आणि अंगातला मापारी जागा होता. पंधरा मागितले, बारावर आले, अकरावर अडले, शेवटी दहावर पटलं. आतली सगळी पाकिटं प्लास्टिकच्या दोन कट्ट्यांत ठासून भरली आणि ती परत छतावर चढली, यावेळी नातवाच्या एकट्याच्या डोक्यावरून. चाचानं पोतं झटकलं, घडी घातली, आणि एका कोपऱ्यात उंदरानं पाडलेलं भोक दाखवून दहातून एक रुपया कडता कापला.